देवघरातल्या दगडाचे नाव

गेल्या पोळ्याला मी पांढुर्ण्यात होतो. गोव्याच्या माणसाला पोळ्याचे एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. खरेच आहे. त्या दिवसांत आमचे सारे लक्ष चवथीकडे लागलेले असते. माटोळीला काय काय बांधायचे, मूर्ती कधी आणायची, नेवऱ्या कोण तळणार, हेच बोलणे. पण माझी भाची पांढुर्ण्याला दिली आहे आणि "मामा, एकदा तरी पोळ्याला या" हे तिचे पालुपद चार वर्षे चालू होते. शेवटी पोळा आणि चवथ यांच्यामधले दिवस बोटांवर मोजले, परतीचे तिकीट आधी काढले आणि निघालो. नागपूरला गाडी बदलली. तिथून इटारसीच्या मार्गावर शंभरेक किलोमीटरवर पांढुर्णा.

राज्य मध्य प्रदेश, पाट्या हिंदी, आणि घराघरांत बोलणे मराठी! १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. गावाला नवे नाव मिळाले नाही, पण कागदावरचा पत्ता बदलला. कागदावरच्या नावाचे महत्त्व मला जरा जास्तच आहे, त्याचे कारण पुढे येईलच.

पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते दोन गोष्टींसाठी, संत्री आणि गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठ एकमेकांवर दगडफेक करतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही वेळा दगावलीही आहेत. एका काठाच्या मुलाने दुसऱ्या काठाची मुलगी पळवली, अशी कथा त्यामागे सांगतात. मी काही नदीवर गेलो नाही. माझ्या वयाच्या माणसाने दगडापासून दूरच राहावे, असे भाचीने बजावले होते. घरात आजीसोबत बसून राहिलो. पण दगडापासून दूर राहणे माझ्या नशिबात नव्हते.

त्या घरात एक पार्सल भरायचे चालले होते. जावयाची धाकटी बहीण जर्मनीत असते. तिला सातवा महिना लागलेला. बाळंतपणाला ती इकडे येऊ शकत नव्हती आणि आजीला तिकडे जाणे शक्यच नव्हते. म्हणून आजीने बाळंतविडा करायला घेतला होता. झबली, टोपडी, दोन दुपटी आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली एक मऊ गोधडी. जावई मोबाइलवर टपालखात्याचा कस्टमचा फॉर्म भरत होता. परदेशी जाणाऱ्या पार्सलावर आता वस्तूचे वर्णन, वजन, किंमत, मूळ देश आणि प्रत्येक वस्तूचा कोड लिहावा लागतो.

"मामा, तुमचा तं धंदाच हा," जावई म्हणाला. "सांगा बरं कोड."

धंदाच होता माझा. वास्कोला एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत मी १९८४ साली कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे एका दमात सांगून टाकले. विणलेली झबली ६१११, शिवलेली ६२०९, गोधडी ९४०४. भाची कौतुकाने बघत राहिली. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू! म्हातारपणी आपली विद्या कुणाच्या उपयोगी पडते, हे सुख काही लहान नाही.

तेवढ्यात आजी देवघरातून लाल फडक्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आल्या आणि झबल्यांवर ठेवून म्हणाल्या, "हे बी घाला."

फडके सोडले. आत लिंबाएवढा एक दगड होता. पितळेसारखा पिवळा, चौकोनी पैलू एकमेकांत घुसलेले, एका बाजूला कोळशाचा काळा थर. उजेडात धरला की लखलखायचा. आजीच्या सासऱ्यांचे वडील परासियाच्या बाजूला कोळशाच्या खाणीत कामाला होते, त्यांनी तो आणला. धनत्रयोदशीला धने-गुळाच्या शेजारी हा दगड मांडायचा आणि बाकीचे वर्षभर देवघरातल्या डब्यात ठेवायचा, अशी त्या घराची रीत. सगळे त्याला 'सोनं' म्हणत. "पणजोबाचं सोनं."

"आता याचा कोड?" जावयाने विचारले.

आणि मी गप्प झालो.

दगड ओळखायला मला वेळ लागला नाही. तो पायराईट होता. लोखंड आणि गंधक यांचे संयुग. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत आठ महारस सांगितले आहेत, त्यांत 'माक्षिक' आणि 'विमल' अशी दोन नावे येतात. माक्षिक म्हणजे मध. मधाच्या रंगाचा, सोन्याचा भास देणारा धातुपाषाण म्हणून सुवर्णमाक्षिक. विमल म्हणजे पायराईट असे सहसा मानतात. आजी दुपारच्या पडल्या तेव्हा मी हळूच एक चिनी मातीची बशी पालथी केली आणि तिच्या बुडाच्या खरबरीत कडेवर दगडाचा कोपरा घासला. सोन्याची रेघ पिवळी उमटते. ही उमटली हिरवट काळी. बशी धुऊन जागेवर ठेवून दिली.

तर मग २५०२ लिहून मोकळे व्हायचे ना, असे कुणी माझ्या जुन्या कचेरीतला म्हणेल. तेच तर सांगायचे आहे. थोडे सविस्तर सांगतो, कंटाळू नका.

जगातल्या बहुतेक सगळ्या देशांची कस्टम एकाच पुस्तकाने चालते. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने केलेली ही वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. भारताने आपले टॅरिफ १९८६ मध्येच त्या धर्तीवर आणले होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला सगळे आकडे नव्याने पाठ करावे लागले, ते म्हणूनच. सहा आकडे सगळ्या जगाचे सारखे, पुढचे आकडे ज्याच्या त्याच्या देशाचे. जिवंत घोड्यापासून जुन्या चित्रापर्यंत प्रत्येक वस्तूला त्यात कुठेतरी घर आहे. मीठ, गंधक, माती, दगड पंचविसाव्या प्रकरणात. धातूंची खनिजे सव्विसाव्यात. आपल्या गोव्याचे लोहखनिज २६०१.

आता पायराईट घ्या. त्यात वजनाने साधारण ४७ टक्के लोखंड असते. म्हणजे लोहखनिजच की! पण पुस्तक म्हणते, नाही. हा दगड जगाने खणला तो लोखंडासाठी नव्हे, गंधकासाठी. म्हणून न भाजलेला पायराईट पंचविसाव्या प्रकरणात, गंधकाच्या शेजारी, २५०२ मध्ये. तो धुवा, फोडा, दळा, चाळा, पाण्यावर तरंगवून वेगळा काढा, तरी तो 'कच्चा'च राहतो आणि घर तेच राहते. पण एकदा का तो भट्टीत भाजला की गंधक वायू होऊन निघून जातो, मागे तांबूस लोहभस्म उरते, आणि त्या भाजलेल्या पायराईटला पुस्तक सव्विसाव्या प्रकरणात नेऊन २६०१ मध्ये, लोहखनिजाच्या पंगतीला बसवते. नावाचाही योग पाहा, ग्रीक भाषेत 'पायर' म्हणजे अग्नी. पोलादावर आपटला की ठिणगी देणारा दगड, म्हणून पायराईट.

एवढ्यावर संपत नाही. हाच दगड पैलू पाडून अंगठीत बसवण्याजोगा केला की तो रत्नांच्या ७१०३ मध्ये जातो. सराफाच्या दुकानात चांदीच्या दागिन्यात 'मार्कासाइट' म्हणून जे काळपट चमकणारे खडे असतात ते बहुधा पायराईटच. आणि एखाद्या संग्राहकाने खनिजशास्त्राचा नमुना म्हणून जपलेला दुर्मीळ दगड असेल तर तो ९७०५ मध्ये, फुलपाखरांच्या आणि जुन्या नाण्यांच्या संग्रहाबरोबर.

म्हणजे दगड एक आणि घरे चार. खत कारखान्याचा कच्चा माल, पोलाद कारखान्याचा कच्चा माल, दागिन्याचा खडा, संग्रहालयाचा नमुना. आजीच्या फडक्यातला दगड यांतला कोणता? देवघरात पुजलेल्या दगडाला त्या जाड पुस्तकात रकाना नाही. मी अडलो तो तिथे.

या दगडाचा व्यापार एके काळी केवढा होता, हे आज सांगून खरे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या कारखान्यांना गंधकाम्ल लागे आणि गंधक येई सिसिलीहून. १८३८ मध्ये तिथल्या राजाने गंधकाचा मक्ता एका फ्रेंच कंपनीला दिला, भाव भडकले, आणि इंग्रज कारखानदार पायराईट भाजून गंधक काढू लागले. मग स्पेन आणि पोर्तुगालच्या डोंगरांना भाव आला. दक्षिण पोर्तुगालमधली साओ दोमिंगुशची खाण मेसन अँड बॅरी या इंग्रजी कंपनीने चालवली. खाणीतून छोट्या आगगाडीने दगड ग्वादियाना नदीवरच्या पोमारांव बंदरात यायचा आणि तिथून जहाजाने इंग्लंडला. १९६६ मध्ये खाण बंद पडली. तिथले आम्लाने तांबडे झालेले पाणी अजून आहे.

डोंगरातून नदी, नदीतून बंदर, बंदरातून परक्या देशाची भट्टी... गोव्याच्या वाचकाला यात नवीन काय सांगू? डिचोली-सांगेचा डोंगर, मांडवी-जुवारीच्या बार्जी आणि मुरगांवची जहाजे आपण पाहिलेलीच आहेत. पोर्तुगाल स्वतःच्या घरचा डोंगरही कच्चाच विकत होता, हे मला वास्कोच्या कचेरीत बसून फार उशिरा कळले.

पुढे अमेरिकेत जमिनीखालचे गंधक गरम पाण्याने वितळवून वर काढायची युक्ती निघाली आणि नंतर तेलशुद्धीकरण कारखान्यांतून गंधक आपोआप मिळू लागले. पायराईटची गरज उतरली. भारताकडे स्वतःचे गंधक नव्हते म्हणून बिहारमध्ये अमझोर इथे सरकारी कंपनीने पायराईट काढला, तीही खाण बंद झाली. आता गंधक म्हटले की शुद्धीकरण कारखाना. आणि कोळशातला पायराईट तर सगळ्यांनाच नकोसा. कोळसा जाळताना तो गंधकाचा धूर करतो, आणि साठ्यात हवा लागली की तापतो. परासियाच्या खाणीत आजीच्या सासऱ्यांच्या वडिलांनी उचलला तो असा टाकायच्या ढिगातला दगड असणार.

दुसऱ्या दिवशी जावयाने मला सौंसरच्या बाजूला नेले. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचे दर्शन घेतले. परतताना सौंसरला त्याच्या एका मित्राकडे चहाला थांबलो. आदल्या दिवशीची दगडाची हकीकत ऐकून त्याने खिडकीत ठेवलेला एक काळा दगड माझ्या हातावर ठेवला. हाताला अपेक्षेपेक्षा जड लागला. मँगनीज. सौंसर तालुक्यातल्या कच्चीढाणा, गोवारी वाढोणा, सितापार या गावांची नावे शंभर वर्षांपूर्वी मँगनीजमुळे विलायतेपर्यंत गेली होती. लुईस फर्मोर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात सितापारला सापडलेल्या एका खनिजाला त्याने गावावरून 'सितापाराइट' असे नाव दिले. आपल्या गावाचे नाव खनिजाला लागणे ही केवढी गोष्ट! पण पुढे असे ठरले की ते खनिज अमेरिकेत आधीच सापडलेल्या बिक्सबाइटहून वेगळे नाही. सितापाराइट हे नाव पुसले गेले. इथल्या प्राचीन खडकांच्या समूहाला मात्र भूगर्भशास्त्रात आजही 'सौंसर गट' म्हणतात. तेवढे राहिले.

१९०५ च्या सुमारास रशियातल्या धामधुमीने कॉकेशसचे मँगनीज अडले आणि मध्य प्रांतातल्या मँगनीजला सोन्याचे दिवस आले. त्याला जवळचे बंदर हवे म्हणून विशाखापट्टणमचे बंदर बांधण्याला मोठी चालना मिळाली. ते १९३३ मध्ये सुरू झाले. ज्या इंग्रजी कंपनीच्या हाती इथल्या मुख्य खाणी होत्या तिच्याशी करार होऊन १९६२ मध्ये 'मॉयल' निघाली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. आज गंमत अशी की भारत दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलिया यांच्याकडून मँगनीज विकत आणतो. जहाजांचे तोंड फिरले आहे.

टॅरिफात मँगनीज २६०२ मध्ये. लोहमिश्रित दगड असेल तर कोरड्या वजनावर २० टक्के मँगनीज भरले पाहिजे, त्याहून कमी भरले तर तो लोहखनिजात जमा. सांगे-केप्याकडचा लोह-मँगनीज मिश्र दगड आठवा, तिथे एकेका टक्क्याला किती महत्त्व होते! आणि लोहखनिजाच्या निर्यातशुल्काची ५८ टक्क्यांची रेघ तर गोव्यातल्या लहान पोरालाही पाठ झाली होती. मे २०२२ मध्ये सरकारने त्या रेघेखालच्या मालालाही ५० टक्के शुल्क लावले, नोव्हेंबरात उठवले. त्या सहा महिन्यांत डोंगरातला दगड होता तोच होता. त्याच्या कागदाची किंमत बदलत होती.

हे सगळे त्या मित्राच्या ओसरीवर मी जरा ऐटीत सांगितले. त्याने शांतपणे विचारले, "मामा, मग कागद भरताना चूक झाली तं काय होते?"

मी चहा संपवला आणि विषय बदलला. पण तुमच्यापासून लपवत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गोव्यातला एक तरुण मुलगा भूगर्भशास्त्र शिकायला परदेशी निघाला होता. त्याने कॉलेजच्या वर्षांत स्वतः हिंडून गोळा केलेल्या दगडांची एक पेटी आमच्या कचेरीतून पुढे पाठवली. प्रत्येक दगडाला त्याने शाईने सुबक चिठ्ठी लिहिली होती, दगडाचे नाव, कुठे मिळाला, तारीख. कागद माझ्याकडे आले. त्या दिवशी लोहखनिजाची दोन जहाजे धक्क्याला होती, मला उसंत नव्हती. बावीस दगडांची बावीस नावे कोण लिहिणार? मी लिहिले, 'दगड. नमुने. व्यापारी मूल्य नाही.' झाले काम.

पेटी त्या देशाच्या कस्टममध्ये अडली. कसले दगड? खनिज, रत्न की रसायन? मूल्य नाही म्हणजे काय, प्रत्येक वस्तूला मूल्य असते. पत्रे गेली, उत्तरे आली, गोदामाचे भाडे चढत राहिले. ते भरणे त्या मुलाला परवडेना. पाच महिन्यांनी पेटी परत आली. तोवर ज्या कामासाठी त्याला ते दगड हवे होते ते त्यांच्याविनाच उरकले होते. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. सुट्टीत आला तेव्हा पेटी उघडून त्यातला एक दगड माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा तुम्हाला राहू द्या." पायराईट होता, त्याच्या चिठ्ठीसकट. पुढे त्याने तो विषयच सोडला, असे ऐकले. माझ्या एका ओळीमुळे सोडला असेल असे नाही. पण नसेलच, असेही मला म्हणवत नाही.

तो दगड मी टेबलाच्या खणात ठेवला. आपल्या गोव्याची हवा तुम्हाला ठाऊकच आहे, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही मिशा फुटतात. काही वर्षांनी खण उघडला तर दगडाला भेगा गेलेल्या, वर पांढरट पीठ सुटलेले, आणि चिठ्ठीच्या जागी तपकिरी भुगा. ओलाव्यात पायराईट सडतो, त्यातून आम्ल सुटते आणि ते शेजारचा कागद खाते. संग्रहालयवाल्यांना हा रोग चांगला माहीत आहे. मला माहीत नव्हता. त्या मुलाच्या अक्षरातले नाव दगडाने खाऊन टाकले होते. तेव्हापासून वर्णनाच्या रकान्यात मी कधी हात आखडता घेतला नाही. सहकारी हसायचे, 'हा कागदावर निबंध लिहितो' म्हणायचे. म्हणोत.

म्हणून पांढुर्ण्याच्या त्या फॉर्मवर 'दगड' एवढेच लिहून भागणार नव्हते. 'सोने' तर नाहीच लिहायचे. ते वाचून सगळे पार्सलच कुठेतरी अडकून पडले असते. पण 'पायराईट' लिहायचे तर ते आजीच्या देखत लिहायचे, म्हणजे शंभर वर्षे धनत्रयोदशीला पुजलेल्या दगडाला खोटे म्हणायचे. संध्याकाळी जावई फॉर्म घेऊन बसला. मी घसा खाकरला.

"आजी, एक बोलू? राग मानू नका. हे... खरे सोने नव्हे."

आजी फुलवाती करत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "मले काय माहीत नाही का, पाव्हणे? सोनं असतं तं कवाच गहाण पडलं असतं."

जावई हसायला लागला. आजी हसल्या नाहीत. सावकाश सांगू लागल्या. एका वर्षी संत्र्याचा बगीचा वाळला तेव्हा पाटल्या गेल्या. सासरे आजारी पडले तेव्हा एकदाणी गेली. पोराच्या शिक्षणाला मंगळसूत्रातले मणी सोडून बाकी सगळे गेले. सोनाराने हा दगडही एकदा पाहिला होता आणि परत केला होता. "जे खरं होतं थे सारं गेलं. हे राह्यलं. म्हून तिले पाठवून राहिली मी. घरातलं काहीतरी लेकराजवळ असलं पाहिजे ना, जे कोणी घेऊन जात नाही."

मला पुढे काही बोलायचे उरले नाही. चार घरांपैकी कोणते, हा माझा प्रश्नही सुटल्यासारखा झाला. रत्न म्हणून दगडाला पैलू पाडलेले नव्हते. संग्रहाचा दुर्मीळ नमुना म्हणायला मन धजेना, परासियाच्या कोळशात असे कितीतरी निघाले असतील. भट्टीत तो कधी गेला नव्हता. गहाणही पडला नव्हता. ज्या अवस्थेत जमिनीतून निघाला त्याच अवस्थेत चार पिढ्या राहिला होता. कच्चा. न भाजलेला.

मी सांगत गेलो आणि जावई लिहीत गेला. वर्णन: नैसर्गिक लोह पायराईट, न भाजलेला, एक नग, घरगुती आठवणीची वस्तू. कोड: २५०२.००. मूळ देश: भारत. प्रकार: भेट. किंमतीच्या रकान्यापाशी तो थांबला. शून्य लिहू नको, म्हटले. बाजारात असा दगड जेवढ्याला मिळेल तेवढे लिही. जर्मनीत घरगुती भेटीला ४५ युरोपर्यंत शुल्क लागत नाही, बाळंतविडा धरून आपण आत बसतो. त्याने शंभर रुपये लिहिले. आजींनी विचारले, "किती लिवलं?" त्याने सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं हाय. कोणी चोरणार नाही."

दगड फडक्यातून काढून मी कोरडा पुसला, एका घट्ट झाकणाच्या डबीत घातला आणि नव्या चपलांच्या खोक्यातली ओलावा शोषणारी पुडी त्यात ठेवली. नातीसाठी एक चिठ्ठीही लिहिली, दगड कुणी आणला, कुठून आणला, ओल्या जागी ठेवू नये. ती चिठ्ठी मात्र डबीच्या बाहेर, गोधडीच्या घडीत ठेवली. एकदा शहाणपण आले आहे, ते वाया कशाला घालवू?

चवथीच्या आदल्या रात्री मी घरी पोचलो. माटोळी बांधून झाली होती.

पार्सल तीन आठवड्यांनी मिळाले. कुठेही उघडले नव्हते, काही विचारणा झाली नाही. भाचीने तिच्या नणंदेने पाठवलेला फोटो मला पुढे धाडला. खिडकीशी पाळणा, त्यावर लुगड्यांची गोधडी, आणि वरच्या फळीवर ती डबी. खाली तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. मामांना सांगा, चिठ्ठी मिळाली, जपून ठेवली आहे. आणि आजीला सांगा, सोनं पोचलं.